बोटीचे चार नॉट नेमके कुठे गेले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९ फुटी फायबरग्लासची, व्ही तळाची बोट, वय पंधरा वर्षं. मागे १५० अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून बसवलेलं इंजिन, गिअरचं गुणोत्तर २.००, पंखा (प्रोपेलर) १९ इंच पिचचा, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात १९ इंच पुढे जाईल असा. पूर्ण थ्रॉटलला जीपीएसवर ३५ नॉट (तासाला ३५ सागरी मैल) आणि ५३०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). त्याच साच्यातली, त्याच इंजिनाची ओळखीतली दुसरी बोट ३९ नॉट पळते. मग तळ ‘ब्लूप्रिंट’ करून, म्हणजे घासून-भरून सरळ करून घ्यावा की सरळ २०० चं इंजिन बसवावं?

मी गेली बावीस वर्षं बोटींचे तळ दुरुस्त करतोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं खरं दुखणं वेगळं आहे. तुमची बोट मंद नाही. तिचे चार नॉट कुठेतरी गळताहेत आणि कुठे, हे अजून कोणी शोधलेलं नाही. ते न शोधता ग्राइंडर हातात घेणं किंवा इंजिन बदलणं म्हणजे ताप कशानं आलाय हे न बघता गोळी देणं.

मोठ्या इंजिनाचा मुद्दा आधी निकालात काढू. बोटींचे रचनाकार जॉर्ज क्राउच यांचं एक जुनं सूत्र आहे, प्लेनिंग, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून घसरत जाणाऱ्या बोटींसाठी आजही अंदाजाला पुरतं. वेग हा अश्वशक्ती भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १५० चे २०० केले म्हणजे ताकद ३३ टक्के वाढली, वेग मात्र १५ टक्केच, म्हणजे ३५ चे साधारण ४०. त्यात नव्या इंजिनाचं जास्तीचं वजन ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर येणार, शिवाय बोटीच्या पाटीवर लिहिलेली कमाल अश्वशक्ती ओलांडली जाते का, हेही बघावं लागणार. दुसरी बोट तेवढ्याच इंजिनावर ३९ देत असेल, तर ताकद कमी पडत नाहीये हे उघड आहे.

आता तुम्ही दिलेल्या आकड्यांकडे बघा, त्यात बरंच काही दडलंय. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअरचं गुणोत्तर, भागिले १२१५ केलं की पंखा न घसरता गेला असता तर किती नॉट गेला असता ते कळतं. तुमच्या बाबतीत ५३०० × १९ ÷ २ ÷ १२१५ = साधारण ४१.४ नॉट. प्रत्यक्षात ३५. म्हणजे घसरण, ज्याला स्लिप म्हणतात ती, साडेपंधरा टक्के. अशा बोटीला मी दहा-बारा टक्क्यांची अपेक्षा धरतो.

एकट्या स्लिपवरून निदान होत नाही, ती आरपीएमच्या जोडीनं वाचावी लागते. पंख्याचा पिच जास्त असेल किंवा इंजिनच दमलेलं असेल, तर आरपीएम पडतात पण स्लिप जागच्या जागी राहते. पंखा वाकलेला असेल किंवा हवा ओढत असेल, तर स्लिप वाढते आणि आरपीएमही वर पळतात. आणि बोटीलाच पाणी जास्त धरून ठेवत असेल, तर दोन्ही एकदम होतं, आरपीएम खाली आणि स्लिप वर. तुमचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएमच्या पट्ट्यातलं धरलं, तर ५३०० हे ओझ्याखाली दबलेल्या इंजिनाचं लक्षण आहे. त्यामुळे माझा संशय बोटीवर आहे, म्हणजे वजनावर किंवा तळावर. त्या दुसऱ्या बोटीचे आरपीएम आणि पिच विचारून घ्या. तिचे ५६०० च्या आसपास आणि पिच हाच निघाला, तर संशय जवळजवळ पक्का.

हे सगळं तुमचं मोजमाप बरोबर आहे असं गृहीत धरून. जीपीएसवर एकदा दिसलेला सर्वांत मोठा आकडा म्हणजे वेग नव्हे. एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन दोन्ही दिशांची सरासरी काढा, म्हणजे वारा आणि प्रवाह वजा होतात. टाकी दर वेळी सारखीच भरलेली, माणसं तीच आणि त्याच जागी बसलेली. गरम दुपारी इंजिन थंड सकाळपेक्षा कमी ताकद देतं, तेव्हा वेळही तीच ठेवा. एक वही करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पंखा, इंजिनाची उंची आणि बॅटरीची जागा एकाच रविवारी बदलून ‘दोन नॉट वाढले’ म्हणणारे खूप भेटतात. कशानं वाढले, ते त्यांना कधीच सांगता येत नाही.

सगळ्यात आधी वजन. पंधरा वर्षांच्या फोम भरलेल्या बोटीत फोमनं पाणी पिलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. ट्रेलरसकट काट्यावर चढवा, मग बोट उतरवून रिकामा ट्रेलर तोला. कारखान्याच्या कागदावरच्या वजनात इंजिन, इंधन, बॅटरी मिळवा आणि तुलना करा. फरक १०० किलोच्या वर असेल तर बोटीच्या आतल्या जमिनीला एक छोटं भोक पाडून फोमचा नमुना काढून पिळून बघा. एका बोटीतून मी काढलेला फोम ओल्या स्पंजासारखा हातातून गळत होता, आणि मालक वर्षभर पंखे बदलत बसला होता. १२५० किलोची बोट ११५० वर आली तर क्राउचच्या हिशेबानं सव्वाचार टक्के, म्हणजे दीड नॉट परत मिळतो. जुने नांगर, दोन दोन साखळदंड, ‘असू दे’ म्हणून ठेवलेलं सामान हे सगळं त्यातच आलं. जीवरक्षक जॅकेट आणि अग्निशामक मात्र या यादीत धरायचे नाहीत.

आता तळ. इथे जरा थांबतो, कारण गंमत इथेच आहे.

बोट प्लेनिंगवर आली की नाकाकडचा भाग पाण्याबाहेर असतो. पूर्ण वेगाला तुमची १९ फुटी बोट मागच्या साधारण दीड-दोन मीटरवर उभी असते. म्हणून तळाचा हा शेवटचा तुकडा ट्रान्समच्या कडेपर्यंत सुतासारखा सरळ हवा. ‘ब्लूप्रिंट’ म्हणतात ते एवढंच, साच्यातून निघताना किंवा नंतर आलेले वाकडेपणे काढून टाकणं. वाकडेपणा दोन प्रकारचा. ट्रान्समकडे जाताना तळ आत पोकळ होऊन शेवटी कड खाली वळली असेल, तर तो हुक. उलट तळ पोटासारखा फुगून कड वर उचलली गेली असेल, तर तो रॉकर. हुक म्हणजे कायमचा खाली ढकललेला ट्रिम टॅब (ट्रान्समच्या खालच्या कडेवरची वरखाली होणारी पट्टी). तो मागची बाजू उचलतो, नाक दाबतो, ओला पृष्ठभाग वाढतो आणि घर्षण वाढतं. रॉकर उलटं करतो, पाणी त्या वळणाला चिकटून वर जाताना मागची बाजू खाली ओढतं, नाक वर जातं आणि बोट डुकरमाशासारख्या उड्या घ्यायला लागते, त्याला पॉरपॉइझिंग म्हणतात.

याचं गणित डॅनिएल सॅवित्स्की या संशोधकांनी १९६४ साली मांडलं. प्लेनिंग तळाचा पाण्याशी असलेला कोन फार कमी झाला तर घर्षण खातं, फार वाढला तर बोट पाणी पुढे ढकलत बसते. सगळ्यात कमी विरोध साधारण ४-५ अंशांच्या आसपास मिळतो. हुक असलेली बोट त्या कोनापर्यंत पोचतच नाही. तुम्ही इंजिन कितीही बाहेर ट्रिम करा, म्हणजे बटणानं त्याचा कोन बाहेर कलता करा, नाक उचलत नाही आणि शेवटी पंखाच हवा ओढायला लागतो. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ‘ट्रिमचं बटण दाबूनही फारसा फरक पडत नाही’. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

तपासायला अवघड काही नाही. दोन मीटरची ॲल्युमिनियमची चौकोनी नळी घ्या, पण आधी ती सरळ आहे ना ते बघा. काचेच्या मोठ्या तावदानावर ठेवून पलीकडून प्रकाश टाका, उलटी करून परत बघा. मग संध्याकाळी अंधार पडल्यावर बोटीखाली जा. नळी कीलला, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याला समांतर, ट्रान्समच्या कडेपासून पुढे अशी तळाला दाबून धरा आणि दुसऱ्याला पलीकडून टॉर्च धरायला सांगा. तळ सरळ असेल तर प्रकाशाची एक अगदी बारीक, एकसारखी रेघ दिसते. हुक असेल तर दोन टोकं काळी आणि मध्ये उजेडाची चिंच, मध्यावर जाड आणि टोकांना निमुळती. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) घालून दर दहा सेंटिमीटरला किती फट आहे ते लिहा. कीलजवळ, मध्ये आणि चाइनजवळ (तळ आणि बाजूची भिंत मिळते ती कड) अशा तीन रेघा डावीकडे, तीन उजवीकडे. स्ट्रेक, म्हणजे तळावरच्या लांब उठावदार पट्ट्या, मध्ये येत असतील तर त्यांच्या मधल्या सपाट भागात नळी धरा. एक मिलिमीटरच्या आतलं मी सोडून देतो. दीड मीटरच्या तुकड्यात तीन मिलिमीटरची पोकळी असेल तर ती वेगात नक्की दिसते. दोन बाजूंत फरक असेल तर बोट एका अंगावर कलून पळते आणि लोक वर्षानुवर्षं त्याचं खापर पंख्याच्या टॉर्कवर फोडतात.

हुक सापडला तर पुट्टीचा डबा उघडण्याआधी ट्रेलरखाली वाका. बोट ज्या लांब फळ्यांवर बसते त्या ट्रान्समच्या कडेपर्यंत पोचतात का? वीस-तीस सेंटिमीटर आधीच संपत असतील, तर इंजिनाचं वजन अधांतरी लोंबतं आणि वर्षं गेली की तळ तिथून वाकतो. फळ्या लांब केल्या नाहीत तर तुम्ही केलेलं काम दोन-तीन हंगामांत पुन्हा तिथेच. शिवाय तळावर लाकडी हातोडीनं ठोकत जा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतला स्ट्रिंगर, म्हणजे तळाला आतून आधार देणारा लांब वासा, सडलाय किंवा थर सुटलेत. अशा तळाला वरून सरळ करून काही उपयोग नाही. पहिल्या लाटांत पुट्टीला तडे जातील. आधी आतलं काम.

प्रत्यक्ष काम शक्यतो बोट उलटी करून करा. छताकडे तोंड करून पाठीवर झोपून पुट्टी लावणारा माणूस सरळ पृष्ठभाग करू शकत नाही, मी करून बघितलंय. जुना अँटिफाउलिंग (शंख-शेवाळ चिकटू न देणारा) रंग काढा, जिथे भर घालायची तिथला जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, घासून फायबरपर्यंत जा आणि तळ नीट वाळू द्या. घाई करायची नाही, ओल्यावर लावलेलं इपॉक्सी नंतर फोडासारखं उठतं. पोकळीत घट्ट भरणीची इपॉक्सी पुट्टी. कडा बांधायच्या तिथे हलके मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची भर) नकोत, सिलिका आणि कापलेले तंतू घातलेलं कडक मिश्रण हवं, नाहीतर कड पहिल्या दगडाला तुटते. घासायला तीन फुटी लांब फळीवर पॉलिश पेपर चिकटवा, तिरक्या फटकाऱ्यांनी, एकदा या कर्णात एकदा त्या. मध्येमध्ये काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारा. फळी फिरवली की उंच जागेचा काळा रंग जातो, खोलगट जागेचा राहतो. हातातल्या छोट्या सँडरला इथे बंदी. तो खड्ड्यात खड्ड्याच्या आकारानं फिरतो आणि तुम्हाला गुळगुळीत लाटा करून देतो. आणि इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशानं धरत नाही, तेव्हा वरचा थर इपॉक्सी प्रायमर आणि दोन भागांच्या रंगाचा ठेवा. बोट कायम पाण्यात राहणार असेल तर पाण्याखाली चालणारा रंगच निवडा, कारण साधा पॉलियुरेथेन सतत बुडून राहिला की फुगतो.

कडांचं म्हणाल तर ट्रान्समची खालची कड धारदार काटकोनात हवी. साच्यातून सहज सुटावी म्हणून कारखाना ती गोल ठेवतो. गोल कडेवरून पाणी सुटत नाही, वळून ट्रान्समवर चढतं आणि जाताना मागची बाजू खाली ओढतं. स्ट्रेकच्या बाहेरच्या कडा आणि चाइन यांनाही हेच लागू, पण फक्त शेवटच्या मीटर-दीड मीटरमध्ये. पुढे त्या गोलच राहू द्या, धारदार चाइन वळणात पाण्यात चावते आणि बोट झटका देते. तळाला स्टेप, म्हणजे आडवी पायरी असेल तर स्टेपच्या जवळही जाऊ नका, ते वेगळंच शास्त्र आहे.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बोटीचा चार मिलिमीटरचा हुक मी अभिमानानं काढला, तळ आरशासारखा सरळ केला. पहिल्या चाचणीत २८ नॉटच्या पुढे बोट अशी उड्या घ्यायला लागली की मालक सीटवरून उठला. टाकी, दोन बॅटऱ्या आणि तेलाचा डबा सगळं ट्रान्समला टेकून ठेवलेलं होतं. तो हुक इतकी वर्षं हे मागचं ओझं तोलून धरत होता. बॅटऱ्या पुढे नेल्यावर उड्या थांबल्या, आणि मग कुठे तीन नॉट मिळाले. काही कारखाने थोडा हुक मुद्दाम ठेवतात, बोट लवकर प्लेनिंगवर यावी आणि नवख्याच्या हातात शांत राहावी म्हणून. त्यामुळे मासेमारीला चार माणसं आणि बर्फाची पेटी घेऊन वीस नॉटनं जाणाऱ्याला मी हुक काढायचा सल्ला देत नाही. तुम्ही दोघंच असता, शांत पाण्यात असता, तेव्हा तुमचं गणित वेगळं.

गुळगुळीतपणाबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. मेण लावून चकाकवलेला तळ जास्त पळतो, हे मला मोजून कधी दिसलेलं नाही. पृष्ठभागाला चिकटलेला पाण्याचा अगदी पातळ थर तसाही बोटीबरोबरच जातो. खरखर त्या थराच्या वर डोकं काढते तेव्हाच ती नडते. ६०० नंबरच्या वॉटर पेपरनं घासलेला स्वच्छ तळ पुरे. खवल्यांसारखे शंख, ब्रशचे जाड फटकारे आणि पंख्याच्या बरोबर पुढे बसवलेला फिश-फाइंडरचा सेन्सर यांचं नुकसान मेणाच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठं. तो सेन्सर बाजूला सरकवा. त्याच्या मागून फेसाळ पाणी थेट पंख्यात जातं.

तळ झाल्यावर, किंवा तळ ठीकच निघाला तर लगेच, इंजिनाची उंची. गिअरकेस, म्हणजे इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग, हा पाण्यातून ओढला जाणारा एक जाड खांब आहे, तो जितका वर तितका विरोध कमी. ट्रान्समवरची भोकं पाऊण इंचाच्या, म्हणजे १९ मिलिमीटरच्या अंतरावर असतात. एक भोक वर घ्या, चाचणी करा, लिहा. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेपेक्षा पंचवीस मिलिमीटर वर गेली तरी व्ही तळाला सहसा चालते. पण इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या दाबाच्या काट्यावर नजर हवी. दाब पडू लागला किंवा वळताना पंखा हवा ओढून आरपीएम झपकन वर गेले, की एक भोक खाली. काटा नसेल तर तो आधी बसवा, मगच उंचीला हात लावा.

पंखा शेवटी. आधी काढून बघा, एका पातीची कड जरी वळली असेल तरी सगळे आकडे खोटे ठरतात. ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलचा पातळ आणि ताठ पातीचा साधारणपणे बरा पडतो. पिचचा एक इंच म्हणजे साधारण १५० ते २०० आरपीएम. ओझं उतरल्यावर तुमचे आरपीएम ५६०० ला गेले आणि स्लिप ११ वर आली, तर १९ च्याच पिचवर ३९ नॉट होतात, हिशेब करून बघा. पंखा आत्ताच कमी पिचचा घेतलात तर इंजिन मोकळं वाटेल, पण दुखणं झाकलं जाईल.

आणि एक. चार नॉट वाढतील तेव्हा नाक आजच्यापेक्षा हलकं असेल. स्टिअरिंगला बोटभरही ढिलाई असेल तर आधी ती काढा, नाहीतर बोट एका चाइनवरून दुसऱ्यावर डुलायला लागेल आणि वाढत जाईल. ट्रिम थोडाथोडाच बाहेर. ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटर तळ्यावर वेगाचे विक्रम करणारे डोनाल्ड कॅम्पबेल यांची जेट बोट ब्लूबर्ड के७ ताशी ३०० मैलांच्या वर असताना नाक उचलून उलटली, त्यात ते गेले. आपले वेग त्याच्या आसपासही नाहीत, पण नाकाखाली हवा शिरली की ती उचलतेच. समोरून वारा असताना पहिल्या चाचण्या करू नका. किल स्विचची (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) दोरी पायाला नाहीतर जॅकेटला अडकवलेली असू द्या, डॅशबोर्डवर नको.

तर तुमच्यासाठी क्रम असा: दोन्ही दिशांनी मोजलेला वेग, काट्यावरचं वजन, नळी आणि टॉर्च, मग ट्रेलरच्या फळ्या. पुट्टी, उंची आणि पंखा हे त्यानंतर. नळी लावल्यावर सहाही रेघांचे आकडे मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा, टाकी आणि बॅटऱ्या ट्रान्समपासून किती अंतरावर आहेत तेही. ट्रेलरच्या फळ्या जिथे संपतात त्या जागेचा एक फोटोही जोडा. हुक काढायचा की अर्धा ठेवायचा, ते त्यावरून सांगतो.